किडनी दिली, आता पुढे? दात्यांच्या रोजच्या जगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरातल्या ज्या घरांत कुणी आपल्या माणसाला किडनी दिली आहे किंवा द्यायचे ठरते आहे, त्या घरांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. किडनी घेणाऱ्याला औषधे, पथ्य, जंतुसंसर्ग, पुढच्या तारखा अशी भरपूर माहिती मिळते. देणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा जखम भरली की "तुम्ही आता ठणठणीत" एवढेच सांगून घरी पाठवतात. दाता ठणठणीत असतोही. पण एका किडनीवर त्याला अजून तीस-चाळीस वर्षे काढायची असतात, आणि त्या वर्षांबद्दल त्याच्याशी कुणी नीट बोललेले नसते. प्रत्यारोपण समन्वयक म्हणून काम करताना दात्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मला जे प्रश्न विचारले तेच इथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण आहेत. तुमचे रिपोर्ट बघून तुमचे किडनीतज्ज्ञ जे सांगतील त्याला पहिला मान.

एक किडनी दिल्यावर माणूस पूर्वीसारखा जगतो का?

बहुतेक जण जगतात. जगभरात दात्यांच्या जीवनमानाचा अभ्यास छत्तीस प्रश्नांच्या एका प्रश्नावलीवरून होत आला आहे. चालणे, ओझे उचलणे, झोप, वेदना, मनाची अवस्था, लोकांत मिसळणे असे सगळे त्यात विचारतात. दात्यांचे गुण शस्त्रक्रियेआधी सर्वसामान्य लोकांपेक्षा चांगले असतात, कारण कसून तपासण्या करून धडधाकट माणसालाच दाता म्हणून घेतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे गुण खाली येतात आणि तीन महिने ते वर्षभरात बहुतेकांचे पुन्हा जागेवर जातात. "पुन्हा वेळ आली तर द्याल का?" या प्रश्नाला फार मोठ्या संख्येने दाते "हो" म्हणतात.

पण थोडेजण मागे राहतात, आणि माझा जीव त्यांच्यात अडकतो. ज्यांच्या रुग्णाची किडनी टिकली नाही किंवा रुग्णच गेला, ज्यांचे दुखणे लांबले, ज्यांची रोजंदारी बुडून कर्ज झाले, ज्यांना घरात विचारणारे कुणी नाही, अशांचे जीवनमान घसरते. यातल्या बऱ्याच गोष्टी शरीराच्या नाहीत. घरच्यांनी आधीपासून हात दिला तर त्या टळू शकतात.

उरलेल्या एका किडनीवर शरीराचे भागते कसे?

दुसरी किडनी काढल्यावर उरलेलीकडे रक्ताचा ओघ वाढतो, ती आकाराने थोडी मोठी होते आणि जास्त रक्त गाळू लागते. त्यामुळे एकूण काम निम्म्यावर न राहता काही महिन्यांत आधीच्या साधारण ६० ते ७० टक्क्यांपर्यंत येते. निरोगी माणसाला रोजच्या जगण्यासाठी एवढे पुरते.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनला रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली. जिवंत दात्याकडून झालेले हे जगातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण. डॉ. जोसेफ मरे यांना या कामासाठी पुढे १९९० साली नोबेल मिळाले. रोनाल्ड त्यानंतर ५६ वर्षे जगला आणि २०१० मध्ये, ७९ व्या वर्षी गेला. आपल्याकडे १९७१ साली वेल्लोरला पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. म्हणजे दाते पुढे कसे जगतात हे पाहण्याइतका काळ आता हाताशी आहे.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेले दाखवतात, त्यापुढे चांदणी असते. किडनी बिघडली का?

दात्याचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, आधीपेक्षा थोडे वाढलेलेच असणार. प्रयोगशाळेचा संगणक दोन किडन्यांच्या माणसाच्या मापाने चांदणी मारतो. ई-जीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजी आकडा, साठच्या आसपास दिसला की काही ठिकाणी थेट "किडनीविकार" असे लिहून देतात आणि घरात रडारड होते. एकच आकडा सुटा पाहू नका. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा महिन्यांनी जो आकडा स्थिरावतो तो तुमचा पाया. पुढच्या प्रत्येक रिपोर्टची तुलना त्याच्याशी करायची. आकडा वर्षानुवर्षे तिथेच असेल आणि लघवीतून प्रथिने जात नसतील तर काळजीचे कारण नाही. तो दरवर्षी सरकत असेल तर मात्र किडनीतज्ज्ञांना दाखवा.

आयुष्य कमी होते का? उद्या माझीच किडनी गेली तर?

आधी शस्त्रक्रियेचा धोका. अमेरिकेत ८० हजारांहून जास्त दात्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पहिल्या ९० दिवसांत मृत्यूचे प्रमाण दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ निघाले. तिथल्याच गेल्या दशकातल्या नोंदींत ते १ च्याही खाली आले आहे. धोका फार लहान, पण शून्य नाही, आणि सही करण्यापूर्वी हे प्रत्येक दात्याला सांगितलेच पाहिजे.

दूरचा धोका समजून घ्यायला जरा थांबावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासातला अंदाज असा आहे: १०,००० दात्यांपैकी सुमारे ९० जणांना आयुष्यात कधीतरी किडनी पूर्ण निकामी होण्याला सामोरे जावे लागेल. तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या १०,००० लोकांत हा आकडा १४ आहे. सरसकट सगळ्या जनतेत, म्हणजे मधुमेह-रक्तदाबवाले धरून, तो ३२६ आहे. दात्याला "शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा तुमचा धोका कमी" असे सांगितले जाते ते यातल्या शेवटच्या आकड्यावरून. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. किडनी दिल्याने स्वतःचा धोका वाढतो हे पहिल्या दोन आकड्यांवरून कळते. धोका वाढूनही शंभरात एकापेक्षा कमीच राहतो, हेही त्यातच दिसते. दोन्ही बाजू ऐकून घेतलेला दाता नंतर जास्त समाधानी असतो, असा माझा अनुभव आहे.

वयाचा विचार इथे फार महत्त्वाचा. पंचावन्न वर्षांच्या आईच्या तपासण्या चांगल्या आल्या तर तिचा मधुमेह जडण्याचा बराचसा काळ मागे पडलेला असतो. बावीस वर्षांच्या मुलाचा तो पुढे आहे, आणि घरात मधुमेह असेल तर आज त्याची साखर नॉर्मल आहे एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. तरुण पोराची किडनी घेण्याआधी घरातल्या मोठ्यांपैकी कुणी बसते का हे नीट पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑपरेशननंतर किती दिवसांत कामाला लागता येते?

१९९५ पासून दुर्बिणीतून दात्याची किडनी काढायला सुरुवात झाली आणि दात्याचे हाल खूप कमी झाले. पूर्वी बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागे. आता छोटी छिद्रे आणि किडनी बाहेर काढण्यासाठी एक लहान छेद. रुग्णालयात साधारण तीन ते पाच दिवस लागतात. त्यानंतरचा हिशोब मात्र तुमचे काम काय आहे यावर ठरतो.

बँकेत, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा माणूस तीन-चार आठवड्यांत जाऊ लागतो. हुपरीत चांदीकाम करणाऱ्याचेही बैठे काम, पण तासन् तास वाकून बसावे लागत असेल तर सुरुवातीला निम्मा दिवसच करा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साचे उचलणारा, इचलकरंजीत मागावर उभा राहणारा, ऊसतोडीला जाणारा, अशांनी दोन ते तीन महिने धरून चालावे. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, हा नियम सगळ्यांना सारखाच. तो मोडला तर छेदाच्या जागी हर्निया होऊ शकतो.

गाडी चालवायला कधी? अचानक ब्रेक मारताना पोटात कळ येत नाही आणि झोप आणणारी वेदनाशामक औषधे बंद झाली आहेत, तेव्हा. बहुतेकांना चार आठवडे लागतात.

घरी बाई दाता असेल तर तिची विश्रांती कशी होणार?

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. आपल्या देशात २०१८ ते २०२३ या काळात जिवंतपणी अवयव देणाऱ्या ५६,५०९ जणांपैकी ३६,०३८ स्त्रिया होत्या, असे राष्ट्रीय नोंदींतून पुढे आले. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुष खूप जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते.

आता गावाकडचे घर डोळ्यांसमोर आणा. गोठ्यात दोन म्हशी. पहाटे धार काढायची, डेअरीला दूध घालायचे, शेण काढायचे, वैरणीचा भारा डोक्यावरून आणायचा. नवऱ्याला किडनी दिलेली बाई पंधरा दिवसांनी घरी येते. नवऱ्याला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून वेगळी खोली, उकळलेले पाणी, मास्क, सगळे शिस्तीत. तिला मात्र तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणते, "तुझं काय, तू तर बरीच आहेस की." वैरणीचा भारा सहज वीस-पंचवीस किलो भरतो. दुधाची किटली, ओल्या कपड्यांची बादली, पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर यातले एकही चार-पाच किलोंच्या नियमात बसत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याच आठवड्यात घरात बसून ठरवा: दोन महिने गोठा कोण बघणार, पाणी कोण भरणार, मुलांचा डबा कोण करणार. जाऊ, नणंद, दीर, पुतण्या, ज्याचे नाव येईल ते ठरवून टाका. "बघू, होईल काहीतरी" म्हटले की ते काम शेवटी तिच्यावरच येते. कुणीच नसेल तर एखादी म्हैस काही दिवस पाहुण्यांकडे ठेवा. एकाच वेळी दोन माणसे आजारी असलेले घर आहे ते, आणि दोघांचीही शुश्रूषा व्हायला हवी.

तिला खरेच द्यायची आहे का, हे कोण विचारते?

कायदा विचारायला सांगतो. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत स्त्री दाता असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी, असे लिहिले आहे. दाता पुरुष असो वा स्त्री, शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत "नको" म्हणता येते. सासरच्यांसमोर बोलता येत नसेल तर समन्वयकाला किंवा डॉक्टरांना एकट्याने भेटायचे आहे असे सांगा. मनाविरुद्ध दिलेली किडनी पुढची सगळी वर्षे माणसाला सलत राहते.

दुखणे, बधिरपणा, थकवा किती दिवस?

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्याचा तो परिणाम. बद्धकोष्ठाचा त्रास बहुतेकांना होतो; चालणे आणि पाणी वाढवा, औषध मागून घ्या. छेदाभोवतीची जागा काही महिने बधिर लागते. दात्याची बहुधा डावी किडनी काढतात, कारण तिची शीर लांब असते. त्यानंतर काही पुरुषांना डाव्या अंडकोषात दुखते. लाजून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. बहुतेकदा ते आपोआप थांबते.

थकवा मात्र लोकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळतो. जखम भरलेली दिसते, माणूस हिंडताफिरता असतो आणि दुपारी चारला अंगातला जोर गेल्यासारखे होते. दोन-तीन महिने असे चालू शकते. हा आळस नव्हे, हे घरच्यांना कळायला हवे.

तांबडा-पांढरा बंद करायचा का?

नाही. दात्याला किडनीच्या रुग्णाचे पथ्य नसते. डाळ, अंडी, मटण, दूध, केळी, टोमॅटो सगळे चालते. कित्येक घरांत रुग्णाबरोबर दात्यालाही अळणी आणि मोजून-मापून वाढतात, आणि शस्त्रक्रियेनंतर ज्याला खाऊन उभे राहायचे आहे तोच रोडावतो.

जपायचे ते मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची सगळ्यांसाठीच शिफारस आहे. आपल्याकडे रश्शात मीठ, खर्ड्यात मीठ, वर लोणचे, पापड, फरसाण. महिन्यातून दोनदा मटणाचा बेत झाला तर काही बिघडत नाही. रोज सकाळी मिसळ आणि रोज जेवणात खर्डा असेल तर रक्तदाब वाढतो, आणि उरलेल्या किडनीला सगळ्यात जास्त धोका रक्तदाब आणि साखरेचा. वजन वाढू देऊ नका. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. मिश्रीला बायका व्यसन मानत नाहीत, पण ती तंबाखूच आहे.

पाणी किती प्यायचे?

तहान लागेल तसे, दिवसाला साधारण दोन ते अडीच लिटर. उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर जास्त. "किडनी धुऊन निघावी" म्हणून पाच-सहा लिटर ढोसायची गरज नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र अंगावर काढू नका. पाणी कमी पडले की एकट्या किडनीला लवकर झळ बसते. ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उपवास?

एकादशी, नवरात्र करता येते. निर्जळी नको. उपवासाच्या वेफर्समध्ये मीठ किती असते तेही पाहा.

तालमीत जाता येईल का?

व्यायाम हवाच. रंकाळ्याभोवती चालणे पहिल्या आठवड्यांपासून सुरू करता येते. जोतिबाचा डोंगर दोन-तीन महिन्यांनी, छेद पूर्ण भरल्यावर. जोर-बैठका, सायकल, पोहणे तीन महिन्यांनंतर हळूहळू वाढवा. मातीतल्या कुस्तीबद्दल डॉक्टरांची मते एकसारखी नाहीत. किडनीवर थेट मार बसून ती जाणे दुर्मीळ आहे, पण ज्याच्याकडे एकच आहे त्याने चढाओढीच्या कुस्त्या सोडाव्यात असे मी सांगते. कसरत करा, पोरांना डाव शिकवा. थंडाई, दूध, बदाम चालतील. डब्यातली प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

शेतात, चिखलात काम करताना काही वेगळी काळजी?

हा प्रश्न शहरातल्या पुस्तिकांत नसतो, आपल्याकडे तो असायलाच हवा. दोन गोष्टी आहेत.

पहिली लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून हा जंतू पाण्यात, चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतो. तो किडनीवर बसतो. भाताची रोप लावण, उसातली पाणी पाजायची कामे, गोठ्यातली ओल, आणि २०१९ व २०२१ सारखा महापूर आला की घरात शिरलेले पंचगंगेचे पाणी, या सगळ्यांत धोका आहे. गमबूट घाला, भेगा-जखमा झाका. पुराच्या पाण्यात उतरावे लागलेच तर प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे असे काही झाले तर पहिल्याच भेटीत सांगा: "मला एकच किडनी आहे आणि मी चिखलात काम करतो."

दुसरी गोष्ट सर्पदंश. घोणस चावली की दोन किडन्या असलेल्याचीही किडनी बंद पडू शकते. मंत्र, झाडपाला, पट्टी घट्ट आवळणे यात वेळ घालवू नका. थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे कोल्हापुरात सीपीआरला, न्या आणि एका किडनीची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. रात्री पाणी पाजायला जाताना बॅटरी आणि बूट, कितीही सवयीचे रान असले तरी.

मेडिकलमधून गोळी घेतली तर चालते का?

डोकेदुखी-तापाला पॅरासिटामॉल, ठरलेल्या प्रमाणात, चालते. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड असलेल्या गोळ्या आणि "कंबरेचं इंजेक्शन" टाळा. यांच्याने किडनीतला रक्तपुरवठा कमी होतो. कंबर-गुडघे रोजच दुखत असतील तर व्यायाम आणि शेक यांच्यावर भर द्या, गोळीची सवय नको. भस्मे, नाव नसलेल्या पुड्या, "किडनी मजबूत करणारे" काढे घेऊ नका; काही भस्मांत जड धातू सापडलेले आहेत. सीटी स्कॅनला रंगद्रव्य टोचण्याआधी तंत्रज्ञाला एका किडनीबद्दल सांगा.

किडनी दिल्यावर मूल होऊ शकते?

हो. शस्त्रक्रियेनंतर निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबा. कॅनडातल्या एका अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांपैकी ११ टक्क्यांना गरोदरपणात रक्तदाब किंवा त्यातून झटके येण्याआधीची अवस्था झाली. तशाच निरोगी, पण न दिलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होते. बाळ-बाळंतीण बहुतेकांची सुखरूप होतात. नाव नोंदवतानाच दाता असल्याचे सांगा, रक्तदाब आणि लघवी जास्त वेळा तपासून घ्या, आणि बाळंतपण ज्या दवाखान्यात तज्ज्ञ आहेत तिथेच करा.

पती-पत्नीचे संबंध?

बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांनंतर, दुखत नसेल तेव्हा. किडनी दिल्याने पुरुषत्व किंवा पाळी यावर परिणाम होत नाही.

मुलीने भावाला किडनी दिली, आता तिचे लग्न जमेल का?

हा प्रश्न विचारताना आई-वडील आवाज खाली आणतात. लपवू नका, तुमची मुलगी निरोगी आहे आणि रिपोर्ट तसे सांगतात. मुलाकडच्यांना शंका असेल तर त्यांना घेऊन किडनीतज्ज्ञांकडे जा. असे करणारी घरे आहेत आणि त्याचा उपयोग होतो. वार्षिक तपासणीचे कागद दाखवायला मिळाले की ऐकीव गोष्टी गळून पडतात. आणि ऐकूनही जे मागे फिरतात, त्यांच्या घरी आपली मुलगी गेली नाही हे चांगलेच झाले, असे मी म्हणेन.

सगळे चांगले झाले तरी मन उदास का होते?

शस्त्रक्रियेआधी कित्येक महिने दाता घराचा आधार असतो. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. शस्त्रक्रिया झाली की पाहुणे रुग्णाला भेटायला येतात, फळे त्याच्या उशाशी ठेवतात, डॉक्टर त्याचा क्रिएटिनिन विचारतात. दाता पलीकडच्या खाटेवर असतो, आणि बऱ्याचदा रुग्णापेक्षा जास्त दुखणारा तोच असतो. रुग्णाला नवी किडनी मिळून तरतरी आलेली असते, दाता निरोगी शरीरावर जखम घेऊन पडलेला असतो. अशा वेळी रडू येणे, चिडचिड होणे, "मी हे का केलं" असे वाटणे स्वाभाविक आहे. पुष्कळांचे काही आठवड्यांत निवळते. दोन-तीन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामात लक्ष नसेल तर डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासाविषयी बोलण्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते.

भेटायला जाल तेव्हा आधी दात्याच्या खाटेपाशी बसा.

मी किडनी दिली आणि आता भाऊ गोळ्या चुकवतो, बाहेरचे खातो. मला राग येतो.

येणारच. पण दिल्यावर त्या किडनीवर आपला हक्क राहत नाही, आणि सतत पाळत ठेवली तर नाते नासते. उलट बाजूही असते: कित्येक रुग्णांना उपकाराचे ओझे इतके होते की ते दात्याशी मोकळे बोलेनासे होतात. एकदा समन्वयकाला मध्ये बसवून बोला. राग तिथे काढलेला बरा, दिवाळीच्या पंगतीत नको.

दिलेली किडनी टिकली नाही तर?

जिवंत दात्याची किडनी साधारण १५ ते २० वर्षे चालते. काहींची याहून जास्त, काहींची दुर्दैवाने लवकर थांबते. रुग्णाच्या शरीराने किडनी नाकारणे, संसर्ग, मूळ आजार उलटणे अशी त्याची कारणे असतात. दात्याने नीट विश्रांती घेतली नाही, काही खाल्ले, नवस राहिला, यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. असे बोलणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. या काळात दात्याला दुःख दोनदा होते, माणसाचे आणि दिलेल्या अवयवाचे. त्याला एकटे सोडू नका. जितकी वर्षे डायलिसिसशिवाय गेली तितकी त्या घराला मिळाली, हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवे.

तपासण्या कोणत्या आणि पुण्या-मुंबईलाच जावे लागते का?

प्रत्यारोपण पुण्याला, मुंबईला किंवा बेळगावला झाले असले तरी दात्याची वार्षिक तपासणी कोल्हापुरात होते. रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन आणि ई-जीएफआर, लघवीतले अल्ब्युमिन (प्रथिन), साखर. एवढ्याच गोष्टी. पहिल्या वर्षी रुग्णालय सांगेल तशा, पुढे दरवर्षी एकदा, जन्मभर. रक्तदाब १३०/८० च्या आत हवा. दात्यांचा रक्तदाब वर्षे सरतील तसा थोडा जास्त राहतो असे दिसले आहे, म्हणून घरात यंत्र असलेले चांगले. तारीख लक्षात राहत नसेल तर शस्त्रक्रियेचाच दिवस धरा. रुग्ण महिन्याला तपासणीला जातो, दाता सोबत जातो, आणि त्याच प्रयोगशाळेत स्वतःचे रक्त द्यायचे राहून जाते. दात्याची फाईल वेगळी ठेवा, रुग्णाच्या फाईलमध्ये मागे खोचू नका.

रजा आणि पैसे?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याने अवयव दिला तर २०२३ च्या आदेशानुसार ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. बाकीच्यांनी आपल्या आस्थापनेत लेखी विचारावे. रुग्णाच्या आरोग्य विम्यात दात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च धरला आहे का, आणि नंतर काही गुंतागुंत झाली तर तो कोण देणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; दोन्हीची उत्तरे लेखी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नवा विमा काढताना किडनी दिल्याचे लपवू नका, नंतर दावा फेटाळायला तेवढे निमित्त पुरते.

बुडालेली मजुरी, प्रवास, औषधे हा दात्याचा खरा खर्च आहे. तो घराने मिळून उचलावा. किडनीचे मोल म्हणून पैसे देणे-घेणे मात्र गुन्हा आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्याला पाच ते दहा वर्षे कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे.

वहिनी किंवा मेहुणा किडनी देऊ शकतात का?

कायद्याने "जवळचे नातेवाईक" म्हणजे आई-वडील, मुले, भाऊ-बहीण, पती-पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे. वहिनी, मेहुणा, मावसभाऊ यांना परवानगीसाठी प्राधिकार समितीपुढे जावे लागते. रक्तगट जुळत नसेल तर दोन घरांतल्या जवळच्या नातेवाइकांमध्ये अदलाबदलीचीही सोय आहे.

पुढे दात्यालाच किडनीची गरज पडली तर?

राष्ट्रीय पातळीवरच्या वाटपाच्या निकषांत, मेंदूमृत दात्याकडून येणाऱ्या किडनीसाठी प्रतीक्षायादी लावताना, पूर्वी जिवंतपणी किडनी दिलेल्या माणसाला जादा गुण दिले जातात. कोल्हापूर ज्या पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राखाली येते तिथे नोंदणी करताना हे आपल्या डॉक्टरांकडून मांडून घ्या. त्यासाठी पुरावा लागतो. शस्त्रक्रियेचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि समितीच्या मंजुरीची प्रत यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक संच घरात आणि एक पाहुण्यांकडे ठेवा, आणि सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्येही घ्या. पुराच्या वर्षी खालच्या फडताळातले कागद भिजून कितीतरी जणांच्या फायली गेल्या आहेत.